नामकरणांतील अर्थाचा अनर्थ

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या एका परिचितांच्या घरीं बारशाला जाण्याचा योग आला. पाळणा फुलांनीं सजविलेला होता. आत्यानें बाळाच्या कानांत नांव सांगितलें, बायकांनीं पाळणा म्हटला, आणि घुगऱ्यांबरोबर प्रत्येकाच्या हातीं एक सुबक छापील कार्ड आलें. कार्डावर मुलाचें नांव होतें ‘आरव’, आणि त्याखालीं सोनेरी अक्षरांत अर्थ दिला होता : ‘शांत’. नेमक्या त्याच वेळीं पाळण्यांतील बालकानें असा टाहो फोडला कीं, आजीबाईंना हातांतलें कार्ड खालीं ठेवून त्याला उचलून घ्यावें लागलें. मंडळी हंसली, आम्हीही हंसलों. परंतु आमच्या हंसण्याचें कारण निराळें होतें. त्या नांवाचा खरा अर्थ त्या दिवाणखान्यांत जर कोणीं उघड करून सांगितला असेल, तर तो त्या तान्ह्या मुलानेंच. ‘आरव’ म्हणजे आवाज, आरोळी, आक्रोश. शब्द करणें या अर्थाच्या ‘रु’ धातूला ‘आ’ हा उपसर्ग लागून तो शब्द सिद्ध झाला आहे. आणि शांततेशीं त्याचा संबंध इतकाच कीं, तो उठला म्हणजे शांतता संपते. शांतीचाच वाचक शब्द हवा होता, तर ‘नीरव’ हा शेजारींच उभा होता. पण शेजाऱ्याचा अर्थ चोरून तो भलत्याच्या अंगावर घालण्यांत आला!

ही एका घरची चूक असती, तर तिच्यावर मासिकाचीं पानें खर्च करण्याचें कारण नव्हतें. परंतु बाजारांत मिळणाऱ्या नांवांच्या पुस्तिका उघडाव्यात, किंवा हल्लीं ज्याच्या त्याच्या हातांतील दूरध्वनीच्या पडद्यावर झळकणाऱ्या याद्या पाहाव्यात. ‘आरव’ या नांवापुढें ‘शांत’ हाच अर्थ पुनः पुनः आढळतो. एकानें लिहिलें, दुसऱ्यानें उतरून घेतलें, तिसऱ्यानें त्यावरून कार्ड छापलें. वामन शिवराम आपटे यांचा संस्कृत कोश १८९० सालीं प्रसिद्ध झाला आहे. तो उघडून पाहण्याची तसदी मात्र या परंपरेंतील कोणीं घेतलेली दिसत नाहीं. आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे : उच्चार जवळचा म्हणून अर्थही जवळचा, ही समजूत खोटी आहे; आणि आपण आपल्या अपत्याला जो पहिला शब्द देतों, त्याचाच अर्थ त्याला खोटा सांगणें ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

सारख्या उच्चारांच्या नांवांचीं कुळें किती भिन्न असतात, हें पाहण्यासाठीं फार दूर जावयास नको. ‘अनिल’ म्हणजे वारा. श्वास घेणें या अर्थाच्या ‘अन्’ धातूपासून तो शब्द आला. ‘अनल’ म्हणजे अग्नि. अंतर एका इकाराचें, पण एक दिवा विझविणारा आणि दुसरा पेटविणारा! ‘सलिल’ म्हणजे पाणी. ‘सलील’ म्हणजे लीलेनें युक्त, डौलदार. ‘प्रणव’ म्हणजे ॐकार, तो स्तुति करणें या अर्थाच्या ‘नु’ धातूचा. ‘प्रणय’ म्हणजे प्रीति, तो नेणें या अर्थाच्या ‘नी’ धातूचा. या दोघांस जुळे भाऊ समजून एकाचा अर्थ दुसऱ्यास लावला, तर काय प्रसंग ओढवेल, तें सांगावयास नको. ‘वनिता’ म्हणजे प्रिय स्त्री, ‘विनीता’ म्हणजे नम्र व सुसंस्कृत स्त्री, आणि ‘विनता’ म्हणजे लवलेली. गरुडाच्या मातेचें नांव तें हेंच. ‘शर्मिष्ठा’ या नांवांत ‘शर्मन्’ म्हणजे सुख, आसरा हा संस्कृत शब्द आहे. ‘शर्मिला’ या नांवांत ‘शर्म’ म्हणजे लाज हा फारसी शब्द आहे. शर्मिष्ठेला लाजाळू ठरवूं पाहणाऱ्यानें, तिनें देवयानीला विहिरींत ढकलून दिल्याची महाभारतांतील कथा एकदां अवश्य वाचावी.

कधीं कधीं तर एकाच नांवाच्या पोटांत दोन नांवें नांदत असतात. ‘नीरज’ म्हणजे नीरांत जन्मलेलें, अर्थात् कमळ, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु ‘निर्’ आणि ‘रजस्’ यांचा संधि केला, तरी ‘नीरज’ हेंच रूप हातीं येतें. आणि त्याचा अर्थ धुळीपासून, मलिनतेपासून मुक्त असा होतो. एका रेफापुढें दुसरा रेफ आला म्हणजे पहिला लोप पावतो व त्याच्या मागचा ऱ्हस्व स्वर दीर्घ होतो, असा पाणिनीचा नियम आहे. ‘नीरव’, ‘नीरस’, ‘नीरोग’ हे शब्द याच नियमानें झालेले आहेत. तेव्हां मुलाचें नांव ‘नीरज’ ठेवणाऱ्या पित्याला कोणी विचारलें कीं, ‘आपला नीरज चिखलांत उगवलेला, कीं चिखलाचा स्पर्शही नसलेला?’, तर त्याला उत्तर देतां आलें पाहिजे. दोन्ही उत्तरें खरीं आहेत. पण तीं दोन आहेत, हें ठाऊक असणें ही ज्ञानाची पहिली पायरी आहे.

हा घोटाळा आजच इतका कां माजावा? आम्हांस त्याचीं दोन कारणें दिसतात. पहिलें असें कीं, संस्कृतांतील ऱ्हस्वदीर्घाचा भेद मराठी बोलण्यांत आपण काटेकोरपणें पाळीत नाहीं. ‘सलिल’ आणि ‘सलील’ हे दोघे कानाला एकच भासतात. त्यांची निरनिराळी ओळख जपून ठेवण्याचें काम लेखणी करीत आली. दुसरें कारण असें कीं, ही लेखणीही आतां आपण खालीं ठेविली आहे. शाळेच्या अर्जापासून पारपत्रापर्यंत नांव बहुधा रोमन अक्षरांत लिहिलें जातें, आणि त्या अक्षरांना आपल्या ऱ्हस्वदीर्घाची पर्वा नाहीं. तेथें कमळवाचक संस्कृत ‘कमल’ आणि पूर्णतावाचक अरबी ‘कमाल’ हे एकाच जोडणीनें लिहिले जातात. तेथें ‘राम’ आणि ‘रमा’ यांतही भेद उरत नाहीं. हल्लीं आपल्याकडे आवडतें झालेलें ‘कियारा’ हें नांव घ्या. इटलींतील कियारा ही लॅटिनमधील तेजस्वी, स्वच्छ या अर्थाच्या शब्दापासून आलेली. तिच्याशीं अक्षरसाम्य असलेली आयर्लंडांतील कीरा ही काळोख्या, कृष्णवर्ण या अर्थाच्या शब्दापासून आलेली. याद्या करणारा दोघींना एका ओळींत बसवितो, आणि मग एकाच मुलीला एक पुस्तिका उजळ म्हणते व दुसरी सांवळी! ‘आरव’ शब्दाचेंही असेंच झालें असावें, असा आमचा तर्क आहे. रोमन अक्षरांतून नांव परत नागरींत येतांना ‘आ’चा ‘अ’ झाला, ‘अ’ म्हणजे नाहीं व ‘रव’ म्हणजे आवाज असा हिशेब कोणीं तरी मांडला, आणि ओरडणारा शांत झाला.

वर्णाच्या वा स्वराच्या एवढ्याशा चुकीनें काय होतें, याची जाणीव प्राचीनांस होती. इंद्रानें आपल्या पुत्रास मारलें, म्हणून त्वष्ट्यानें इंद्राला मारणारा पुत्र मागून यज्ञ केला. मंत्रांतील ‘इंद्रशत्रु’ हा शब्द उच्चारतांना आघात चुकला. ‘इंद्राला मारणारा’ याऐवजीं ‘इंद्र ज्याला मारणारा आहे असा’ हा अर्थ झाला, आणि जन्मास आलेला वृत्र इंद्राच्या हातून मेला. पतंजलीनें महाभाष्याच्या आरंभीं व्याकरणाचें प्रयोजन सांगतांना ही कथा उगीच घातलेली नाहीं. आमच्या बारशांत कोणी मरत नाहीं, हें खरें. मरतो तो केवळ शब्द.

आतां आमच्यावर येणाऱ्या आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप असा : ‘एवढा कीस कशाला काढतां? कानाला गोड लागलें, हांक मारावयास सोपें झालें, म्हणजे पुरें.’ यांत नाकबूल करण्यासारखें कांहींच नाहीं. केवळ नाद आवडला म्हणून नांव ठेवण्याचा आईबापांस पूर्ण अधिकार आहे. पण मग त्यांनीं कार्डावर अर्थ छापूं नये! ज्याला अर्थाचें महत्त्व वाटत नाहीं, तो सोनेरी अक्षरांत अर्थ छापण्यास पैसे खर्च करीत नाहीं. अर्थ हवाच असतो. मात्र तो शोधण्याचे कष्ट नको असतात. आणि नांवाच्या अर्थानें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं, असें ज्यांना मनापासून वाटत असेल, त्यांनीं सातारा जिल्ह्यांतील त्या मुलींना विचारावें, ज्यांचीं नांवें घरच्यांनीं ‘नकुसा’ ठेविलीं होतीं. मुलगा हवा असतां मुलगी झाली, म्हणून ती ‘नकोशी’. २०११ सालीं तेथें अडीचशेंहून अधिक मुलींचें एका समारंभांत पुन्हां नामकरण करण्यांत आलें. त्यांना आपल्या नांवाचा अर्थ कळत होता, म्हणूनच तें नांव टाकून देण्यासाठीं त्या तेथें आल्या होत्या.

दुसरा आक्षेप अधिक विचारी आहे : ‘शब्दांचे अर्थ बदलतच असतात, आज चूक तें उद्यां बरोबर.’ याला आधारही देतां येतो, आणि तो आम्हीच देतों. ‘स्मिता’ म्हणजे हंसरी. परंतु ‘अस्मिता’ म्हणजे न हंसणारी नव्हे. तो शब्द ‘अस्मि’, म्हणजे मी आहें, यापासून झाला. पतंजलीच्या योगसूत्रांत अविद्या, राग, द्वेष आणि अभिनिवेश यांच्या पंक्तीला बसणारा तो एक क्लेश आहे. आज मराठींत तो स्वाभिमानाचा वाचक झाला, आणि लोक मुलींना तें नांव आनंदानें ठेवतात. ‘मुग्ध’ आणि ‘मूढ’ हीं दोन्ही एकाच ‘मुह्’ धातूचीं रूपें. पण व्यवहारानें एकाला निरागस ठरविलें आणि दुसऱ्याला मूर्ख. याहून मोठें उदाहरण ‘असुर’ शब्दाचें. ऋग्वेदांत वरुणासारख्या देवांनाही असुर म्हटलें आहे. इराणी लोकांचा ‘अहुर’ तो हाच. त्या शब्दांतील ‘अ’ नकाराचा नव्हे. पुढें असुर म्हणजे दैत्य असा अर्थ रूढ झाल्यावर लोकांस तो ‘अ’ नकाराचा वाटूं लागला, तो काढून टाकून त्यांनीं ‘सुर’ म्हणजे देव हा नवा शब्द बनविला, आणि आज त्यावरून सुरेश व सुरेंद्र घरोघर हिंडत आहेत. ‘असित’ म्हणजे काळा, त्यांतून ‘सित’ म्हणजे पांढरा हा शब्द असाच निघाला. त्या ‘सित’ शब्दाशीं जनकाच्या सीतेचा कांहीं संबंध नाहीं, हें येथेंच सांगून ठेवावें. ती नांगराच्या तासाची कन्या.

मग ‘असुर’ शब्दाला जें क्षम्य, तें ‘आरव’ शब्दाला कां नसावें? उत्तर सोपें आहे. ‘सुर’ हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या लोकांनीं वापरला. त्यांत कथा रचल्या, स्तोत्रें रचलीं, भांडणेंही केलीं. ‘अस्मिता’ शब्दाचा नवा अर्थ मराठी माणसाच्या तोंडीं रुळला आहे. परंतु ‘वादळानंतर समुद्र आरव झाला’ असें वाक्य कोणीं कधीं उच्चारलें आहे काय? हा अर्थ लोकांनीं घडविलेला नाहीं. तो भाषेंत कोठेंच राहत नाहीं, फक्त यादींत राहतो. रूढीनें बदललेला अर्थ म्हणजे नदीनें बदललेलें पात्र. यादींत छापलेला खोटा अर्थ म्हणजे नकाशा काढणाऱ्याची डुलकी. दोहोंस एकच न्याय लावतां येणार नाहीं.

तिसरा आक्षेपक कालिदासास साक्षीला बोलावतो. कुमारसंभवांत पार्वतीला तपापासून परावृत्त करणारी आई ‘उ’, ‘मा’, म्हणजे ‘अगे, नको’, असें म्हणाली, म्हणून ती ‘उमा’ झाली, असें कवीनें सांगितलें आहे. यास्कानेंही निरुक्तांत एकेका शब्दाच्या अनेक व्युत्पत्ति दिल्या आहेत, आणि त्यांतील पुष्कळ आजच्या भाषाशास्त्रास मान्य होणार नाहींत. मग आमच्या पुस्तिकाकारांनींच काय पाप केलें? त्यांचें पाप असें कीं, ते कवि नाहींत आणि शोधकही नाहींत. कालिदास आईच्या काळजांतला उद्गार नांवांत ऐकवितो. तो कोश लिहीत नाहीं, आणि वाचकालाही तें ठाऊक असतें. यास्क एक व्युत्पत्ति देऊन थांबत नाहीं. ‘किंवा अशी असेल’ म्हणून दुसरी देतो, आणि सर्व नामें धातूंपासून निघालीं हें शाकटायनाचें मत मांडतांना तें गार्ग्यास मान्य नाहीं, हेंही नमूद करतो. संशय उघड करणें ही शास्त्राची सचोटी होय. पुस्तिकाकाराला कसलाच संशय नसतो. नांवापुढें दोन टिंबें, आणि टिंबांपुढें एक गोड विशेषण!

चौथा आक्षेप आम्हांस सर्वांत गंभीर वाटतो : ‘ही पंडितांची मिजास आहे. ज्यांच्या घरीं आजवर संस्कृताचा वाराही आला नाहीं, त्यांनीं हौसेनें एखादें सुंदर नांव ठेवलें, तर तुम्ही व्याकरणाची काठी घेऊन कां धांवतां?’ काठी असेलच, तर ती विकणाऱ्यावर आहे, घेणाऱ्यावर नव्हे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत ब्राह्मणाचें नांव मंगलवाचक, क्षत्रियाचें बलवाचक, वैश्याचें धनवाचक आणि शूद्राचें निंदावाचक असावें, असें सांगितलें आहे. स्त्रियांचीं नांवें स्पष्ट अर्थाचीं व मनोहर असावींत, असें सांगणारा श्लोकही तेथेंच जवळ आहे. म्हणजे नांवाचा अर्थ हें एके काळीं माणसाला त्याची पायरी दाखविण्याचें साधन होतें. ज्यांच्या पूर्वजांस हीन अर्थाचीं नांवें मिळालीं, त्यांचीं नातवंडें आज आपल्या मुलांचीं नांवें स्वतः निवडीत आहेत, ही या देशांतील थोर गोष्टींपैकीं एक आहे. अशा वेळीं त्यांच्या हातीं खोटा अर्थ देणें म्हणजे मोठ्या कष्टानें कमावलेल्या पैशाला खोटें नाणें देणें होय. शिवाय, स्पष्ट अर्थाचें नांव ही पंडितांची मिरास कधींच नव्हती. मूल जगत नाहीं म्हणून काळाची दृष्ट चुकविण्यासाठीं त्याला ‘दगडू’, ‘धोंडू’ किंवा ‘भिकू’ म्हणणाऱ्या माउलीला आपल्या शब्दाचा अर्थ पुरता ठाऊक होता. तिला कोशाची गरज नव्हती. अर्थ ठाऊक नसलेला शब्द अर्थासाठीं मिरविण्याची रीत आम्हां शिकलेल्यांनीं काढली आहे. थोरल्या मुलाचें नांव ‘अनुज’, म्हणजे धाकटा भाऊ, ठेवून त्याला ज्येष्ठपणाचे धडे देणारे गृहस्थ अशिक्षित नसतात.

या प्रकरणाची आणखी एक बाजू आहे, आणि ती केवळ विनोदाची नाहीं. ‘समीर’ हें नांव घ्या. संस्कृतांत समीर म्हणजे वारा. अरबी भाषेंतही समीर आहे, आणि त्याचा अर्थ रात्रीं गोष्टी सांगत सोबत करणारा मित्र. दोन भाषांनीं, एकमेकींस न विचारतां, हा एकच मधुर ध्वनि दोन वस्तूंस दिला. एका घरांतील समीर वाऱ्याचा, शेजारच्या घरांतील समीर गप्पांच्या मैफलीचा. दोघेही आपापल्या नांवाचे पुरे मालक आहेत. परंतु ध्वनिसाम्यालाच नातें मानणारा मनुष्य येथें दोन चुकांपैकीं एक करतो. एक तर तो म्हणतो, ‘हा शब्द मूळचा आमचाच, त्यांनीं तो घेतला’, नाहीं तर, ‘हें नांव त्यांचें, आपल्या घरांत नको’. पहिल्या चुकींत अहंकार आहे, दुसरींत द्वेष आहे, आणि दोहोंच्या मुळाशीं अज्ञान तेवढें एकच आहे. उलट ‘तारा’ आणि फारसी ‘सितारा’ हे शब्द दिसण्यांत वेगळे, पण जन्मानें एकाच मुळाचे. जे सारखे दिसतात ते परके, आणि जे वेगळे दिसतात ते सगोत्र, असा भाषेचा कारभार आहे. तो समजून घेण्यास थोडा वेळ लागतो. परंतु शेजाऱ्यासंबंधीं खोटें बोलण्यापासून तो वेळ आपणांस वांचवितो.

आमची मागणी मोठी नाहीं. बारशाच्या आधीं बारा दिवस मिळतात. हल्लीं तर हौशी घरीं त्याहून कितीतरी अधिक मिळतात. त्यांतील अर्धा तास कोशासाठीं काढावा. संस्कृत नांवासाठीं आपट्यांचा कोश आहे, मराठी शब्दासाठीं महाराष्ट्र शब्दकोश आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ सालचा व्युत्पत्तिकोश आहे. तेथें अर्थ मिळाला, तर तो जसा असेल तसा सांगावा. न मिळाला, तर ‘तुझ्या आईला हा नाद आवडला’ एवढेंच मुलाला सांगावें. हा अर्थ कोणत्याही विशेषणापेक्षां कमी प्रतीचा नाहीं, आणि तो खोटा ठरण्याचें भयही नाहीं.

आणि ज्यांनीं आपल्या मुलाचें नांव ‘आरव’ ठेविलें असेल, त्यांनीं तें बदलण्याचें मुळींच कारण नाहीं. फक्त कार्डावरील ‘शांत’ हा शब्द तेवढा खोडावा. मूल जन्मास येतें, तेव्हां खोलीबाहेर ताटकळणारा बाप आणि आंत वेदनांनीं शिणलेली आई कान देऊन कशाची वाट पाहत असतात? त्या क्षणीं घरांत शांतता असणें याहून भयंकर दुसरें कांहीं नाहीं. मग तो पहिला टाहो ऐकूं येतो, आणि सर्वांचा जीव भांड्यांत पडतो. तोच आरव. खरा अर्थ हा असा हाताशीं असतांना खोट्याची उसनवारी कशाला?